एक्केचाळीस नंबरचा बिल्ला

१

आमच्या घरात बाथरूमच्या दाराशेजारी एक लाकडी फळी ठोकलेली आहे. तिच्यावर चार खिळे, खाली डबीत चार बिल्ले. आत जाताना आपला बिल्ला खिळ्याला अडकवायचा, बाहेर आलं की काढायचा. बिल्ला फळीवर म्हणजे माणूस आत, उगाच दार बडवायचं नाही. ही माझ्या सासऱ्यांची शिस्त. बावीस वर्षं ते लष्कराच्या मालवाहू विमानांवर फिटर होते आणि निवृत्त होताना तिथली सगळी शिस्त उचलून त्यांनी घरी आणली. लग्न होऊन आले तेव्हा मला वाटलं, कुठल्या घरात येऊन पडले. आता माहेरी गेले तरी दाराशेजारी माझा हात खिळा शोधतो.

कामावर त्यांचा नियम असा होता: विमानात जो शिरेल त्यानं आपल्या नंबरचा पितळी बिल्ला बाहेरच्या फळीवर लावायचा. फळी रिकामी झाल्याशिवाय इंजिन सुरू होणार नाही, मग बाहेर खुद्द सेनापती का खोळंबलेला असेना. आणि बिल्ला ज्याचा त्यानंच काढायचा. बाबांचा नंबर एक्केचाळीस. निवृत्तीच्या दिवशी तो जमा करायचा असतो. बाबांनी हरवला म्हणून सांगितलं आणि शर्टाच्या खिशात घालून घरी आणला. आयुष्यातली एकच लबाडी, असं ते सांगत, आणि तीही मिटक्या मारत सांगत.

मी ऑपरेशन थिएटरमध्ये सिस्टर आहे. पोट शिवायच्या आधी आम्ही गॉजच्या घड्या, सुया, चिमटे मोजतो. दोघींनी, मोठ्यानं. मोजणी जुळली असं मी म्हटल्याशिवाय सर्जन टाका घालत नाहीत. त्यामुळे माझं नि बाबांचं चांगलं जमलं. ते मला नावानं कधी हाक मारत नसत, सिस्टर म्हणत, आणि दिवसातून दोनदा आमचं भांडण होई.

२

जुन्या लष्करी विमानांच्या शोची तिकिटं नवऱ्यानं काढली. नवरा शाळेत भूगोल शिकवतो आणि भांडणाला भितो. बाबांना शहात्तरावं लागलं होतं, त्यांना आपली विमानं पुन्हा एकदा दाखवावीत एवढीच त्याची इच्छा.

गाडीत बसल्यापासून बाबांची टकळी सुरू. हा रस्ता लांबचा, काच खाली होत नाही, थर्मासातला चहा पाणचट. मी उकडलेली अंडी दिली तर त्यांनी एक उजेडात धरून पाहिलं.

"सिस्टर, हे अंडं आहे का गोटी?"

"तोंडात धरा. तेवढाच वेळ शांतता."

माझी नऊ वर्षांची मुलगी, चिऊ, माझ्याशेजारी खुदखुदत होती. आमचं हे रोजचंच, पण तिला त्याचा कधी कंटाळा येत नसे.

मैदान मोठं होतं. दोऱ्या बांधलेल्या, घडीच्या खुर्च्या, जळक्या इंधनाचा वास, आणि लाउडस्पीकरवरून एक गृहस्थ दर विमानाला 'ऐतिहासिक' म्हणत होता. बाबा डोळे मिटून आवाजावरून सांगत. हे चार पंख्यांचं. याचं डावीकडचं इंजिन खोकतंय, गॅस्केट बदला म्हणावं. चिऊ वर बघून खरं-खोटं करी आणि प्रत्येक वेळी बाबाच बरोबर निघत.

ते विमान मैदानाच्या पार टोकाला होतं. बाबांनी बावीस वर्षं ज्याच्यावर काम केलं त्याच बनावटीचं. पोट सुटलेलं, शेपूट जमिनीला टेकून बसलेलं, रंग शेवाळी. बाबा बोलायचे थांबले. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलेलं मी तेव्हा दुसऱ्यांदा पाहिलं, पहिल्यांदा सासूबाई गेल्या तेव्हा.

पंखाच्या सावलीत एक फळी उभी केली होती आणि तिच्याशेजारी निळ्या डांगरीतला एक म्हातारा. त्याचं नाव चिऊनं लगेच फळीवाले ठेवलं. आत जाणाऱ्या प्रत्येकाला तो पिवळा प्लॅस्टिकचा बिल्ला देई, खिळ्याला लावायला सांगे आणि बाहेर आल्यावर काढायला लावून परत घेई.

"साडेतीनला बंद," तो सांगत होता. "चार वाजता हे उडणार, ते थेट आपल्या मुक्कामी. परत इथं उतरायचं नाही."

बाबांनी खिशातून आपला पितळी बिल्ला काढला. फळीवाल्यानं तो उलटसुलट करून पाहिला.

"एक्केचाळीस? जमा नाही केलात?"

"हरवला होता."

दोघे म्हातारे असे हसले की मला त्यांचा हेवा वाटला. मग फळीवाल्यानं दोरी वर करून बाबांना एकट्यालाच आत सोडलं, पार शेपटापर्यंत जाऊन या म्हणाला. दहा वर्षांखालच्या मुलांना मनाई होती, त्यामुळे चिऊ फुरंगटली. बाबांनी बिल्ला खिळ्याला लावला. आत शिरण्याआधी विमानाच्या पोटावर बोटाच्या पेरानं ठोकलं, दोनदा, थोडं थांबून एकदा. सैल रिव्हेट असेल तर बोलतो, असं ते म्हणत. घरातल्या फ्रिजपासून पाण्याच्या टाकीपर्यंत त्यांनी सगळं असं ठोकून पाहिलेलं होतं.

३

वीस मिनिटांनी ते शिडी उतरून आले. सावकाश, पायरी नीट बघून. फळीसमोरून आले आणि सरळ पुढं निघाले.

"बाबा, बिल्ला," मी म्हटलं.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "हं?"

"बिल्ला राहिला तुमचा."

"चालेल," ते म्हणाले आणि चालायला लागले.

फळीवाला पुढच्या रांगेत अडकला होता. मी मागं फिरणार, तेवढ्यात डोक्यावरून तीन विमानं गेली, चिऊनं कान झाकून माझ्या पोटात डोकं खुपसलं, आणि ती शांत होईपर्यंत बाबा आणि नवरा बरेच पुढं गेलेले होते. नंतर घेऊ, असं मनाशी म्हणून मी निघाले. पण मला ते खटकलं. बाथरूममधून अर्धा साबण अंगाला तसाच ठेवून बाहेर आले तरी बाबा बिल्ला काढायला विसरत नसत.

४

पुढचे दोन तास मी काय पाहिलं ते धड सांगता येणार नाही. विमानं येत होती, जात होती. मी मात्र खुर्चीवरच्या म्हाताऱ्याकडे बघत होते.

नवऱ्यानं विचारलं, "बाबा, इथं बसायचं का तिकडं सावलीत?" "चालेल." चहा आणला, पाणचट होता. "चालेल." अंडं सोलून दिलं तर मुकाट्यानं खाल्लं. आमच्या घरात पंधरा वर्षांत हा शब्द मी त्यांच्या तोंडून ऐकला नव्हता. नवरा तर हरखून गेला होता. माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "बघ, किती खूश आहेत. उगाच आधी नाही आणलं."

डोक्यावरून एक जड विमान गेलं. चिऊनं डोळे मिटले आणि विचारलं, "आजोबा, हे कुठलं?"

त्यांनी मान वर केली नाही. "विमान आहे ते."

चिऊनं डोळे उघडले. ती त्यांच्या शेजारची खुर्ची सोडून माझ्या या बाजूला येऊन बसली आणि माझा हात तिनं धरून ठेवला. मी तिला काही विचारलं नाही, कारण ती काय सांगेल याची मला भीती वाटली.

मी नर्स आहे. अशा वेळी काय बघायचं ते मला ठाऊक आहे. ऊन लागलं असेल, डोक्यात रक्ताची छोटी गाठ अडकली असेल. मी त्यांना हसायला सांगितलं, ते सरळ हसले. दोन्ही हात वर करा म्हटलं, त्यांनी केले. आजची तारीख, पंतप्रधान, नातीचा वर्ग, सगळं बरोबर. मग मी नाडी धरली. चार वर्षं बाबांच्या नाडीला एक खोड होती. पाच-सहा ठोके नीट पडत आणि मग एक चुकून पडे. रोज सकाळी मी ती बघत असे आणि ते म्हणत, "काय सिस्टर, गाडी अजून गचके खाते का?"

आज नाडी घड्याळासारखी चालली होती. मी पूर्ण दोन मिनिटं मोजली. एकही ठोका चुकला नाही.

"छान आहे ना, सूनबाई?" ते म्हणाले.

औषध लागू पडलं असेल. रात्रपाळी करून मी तशीच निघाले होते, माझंच मोजण्यात चुकलं असेल. मी स्वतःला अशी बरीच कारणं दिली आणि त्यातलं प्रत्येक कारण चांगलं होतं.

५

साडेतीनच्या सुमारास फळीवाला आम्हाला शोधत आला. उन्हानं त्याचा चेहरा लाल झाला होता.

"ताई, एक्केचाळीस अजून आत आहे."

"अहो, हे काय बसलेत," नवरा म्हणाला. "बिल्ला विसरले."

फळीवाल्यानं बाबांकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. "बावीस वर्षं केली म्हणाले ना? मी एकोणीस केली. आमच्यातला माणूस तो विसरत नाही."

"वय झालंय."

"झालंय खरं," तो म्हणाला. "मग त्यांना घेऊन चला. त्यांच्या हातानं काढू देत."

आम्ही गेलो. फळीवर आता एकच बिल्ला होता, वरच्या रांगेत, पितळी. बाकीचे सगळे खिळे रिकामे. बाबा फळीपुढे उभे राहिले आणि हात पुढं करून थांबले.

"यातला कुठला?" त्यांनी विचारलं.

नवऱ्याचा चेहरा पडला. त्यानं बाबांच्या खांद्यावर हात ठेवला, त्यांना वळवलं आणि मला दात आवळून म्हणाला, "चार लोकांत त्यांची परीक्षा घ्यायची गरज होती का? दिसत नाही तुला, काय होतंय त्यांना? डॉक्टरकडे नेऊ. आज नको." आणि तो त्यांना खुर्चीकडे घेऊन गेला. त्याचंही बरोबर होतं. माणूस विसरायला लागतो तो असाच, एखाद्या दिवशी. मी किती तरी जणांच्या मुलांना हे समजावून सांगितलेलं आहे.

मी फळीवाल्याला म्हटलं, "मी एकदा आत बघून येऊ?"

"मी दोनदा बघितलं. कोणी नाही." पण त्यानं मला पिवळा बिल्ला दिला. मी तो एक्केचाळीसच्या शेजारी लावला. चिऊ त्याचं बोट धरून शिडीखाली उभी राहिली.

६

आत उकडत होतं. विमान शेपटीवर बसलेलं असल्यामुळे जमीन नाकाकडे चढत गेली होती. दोन्ही भिंतींना लागून कॅनव्हासची लांब आसनं, वर चौकोनी छोट्या काचा, घामट रबराचा आणि जुन्या तेलाचा वास. चार पावलं आत गेले आणि बाहेरचा लाउडस्पीकर ऐकू येईनासा झाला. त्याचं मला आधी बरंच वाटलं.

शेपटाकडे एक लहानसं दार होतं. ते उघडलं. आत कपाटाएवढी जागा, तारा, दोन लोखंडी दांडे, धूळ. धुळीत बुटांचे ठसे होते, आत गेलेले. परत आलेले कुठं दिसतात का ते मी बघितलं, पण उजेड कमी होता आणि मला नक्की सांगता येत नाही. फळीवालाही येऊन गेला होताच.

मी दार लावलं. उन्हानं तापलेला पत्रा बारीक बारीक वाजत होता. तो वाजतोच, आमच्या गच्चीवरची टाकीही वाजते. मी बाहेरच्या दाराकडे निघाले.

टक टक. मग थोडं थांबून, टक.

आवाज डाव्या भिंतीतून आला, गुडघ्याच्या उंचीवरून. त्या भिंतीची जाडी दोन बोटं. मी खिडकीच्या चौकटीत बघितलं होतं, पत्रा, थोडी पोकळी, पुन्हा पत्रा. तिथं मांजरही मावणार नाही. बाहेरून कोणी ठोकतंय का म्हणून मी काचेतून खाली पाहिलं. पंखाखाली फक्त गवत होतं.

टक टक. टक.

मी खाली बसले आणि तिथं तळवा ठेवला. पत्रा गरम होता. पुढचे ठोके थेट माझ्या तळव्यावर बसले, आतून, पेराएवढ्या जागेत. मग मी जे केलं ते वेडेपणाचं होतं. मी भिंतीला सांगितलं, "बाबा, तुम्ही बाहेर आहात. खुर्चीवर बसलात."

ठोकणं थांबलं.

इतका वेळ थांबलं की मला रडू यायला लागलं. कोणीतरी माझं बोलणं ऐकलं होतं आणि आता त्यावर विचार करत होतं, असं मला वाटलं. मग ते पुन्हा सुरू झालं, भराभरा, न थांबता, दोन-एक काही न पाळता. मी उठले. डोकं छताला आपटलं आणि मी बाहेर पडले.

७

शिडीखाली फळीवाल्याबरोबर पायलट उभा होता, मनगटावरच्या घड्याळाकडे बघत. मी माझा पिवळा बिल्ला काढून दिला.

"आत आवाज येतोय," मी म्हटलं.

"कसला?" पायलटनं विचारलं.

"भिंतीत कोणीतरी ठोकतंय."

"ऊन आहे, पत्रा वाजतो." तो सभ्य माणूस होता, हसला नाही. "माणूस बाहेर आहे का, एवढंच सांगा. आहे तर मी निघतो."

फळीवाला माझ्याकडे बघत होता. तो म्हणाला, "ताई, ते बाहेर नाहीत असं तुम्ही म्हटलंत, तर हे हलणार नाही. मग मला कोणी काय बोलायचं ते बोलू देत. पण तुम्ही सांगायचं. ते तुमचे आहेत."

मी खुर्च्यांकडे पाहिलं. नवरा बाबांना टोपी घालत होता आणि बाबा मान पुढं करून ती घालून घेत होते. मी काय सांगणार होते? माझे सासरे खुर्चीवरही आहेत आणि विमानाच्या भिंतीतही? पायलट, जमलेली माणसं, नवरा, सगळे मला काय म्हणाले असते? सुई कमी भरली म्हणून मी मोठमोठ्या सर्जनना हात वर करून उभं ठेवलेलं आहे, अर्धा-अर्धा तास. तिथं मला कधी लाज वाटली नाही. इथं वाटली.

"बाहेर आहेत," मी म्हटलं.

एक्केचाळीस नंबरचा बिल्ला मीच काढला. फळीवाल्यानं तोंड फिरवलं.

इंजिनं सुरू झाली. आधी धूर, मग असा आवाज की छातीत बसला. विमान वळून धावपट्टीकडे निघालं तेव्हा त्याच्या काचा एकेक करून आमच्यासमोरून गेल्या. सगळ्या मळकट, उन्हात पांढऱ्या. शेवटून दुसरी काच मात्र स्वच्छ होत होती. आतून कोणीतरी ती पुसत होतं, शर्टाच्या बाहीनं पुसतात तशी, गोल गोल. मग पुसणं थांबलं आणि त्या पुसलेल्या गोलात एक तळवा टेकला. एवढंच दिसलं. विमान पुढं गेलं.

"आत किती जण आहेत?" मी ओरडून विचारलं.

फळीवाल्याची नजर त्या काचेवरून हटली नव्हती. "पुढं दोघं," तो म्हणाला. "मागं कोणी नाही." मग तो खाली वाकून दोरी गुंडाळायला लागला आणि त्यानं पुन्हा माझ्याकडे पाहिलं नाही.

विमान उडालं, मैदानावरून एक फेरी मारली आणि झाडांपलीकडे गेलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

८

परतताना बाबा पुढं नवऱ्याशेजारी बसले, मी आणि चिऊ मागं. त्यांनी पट्टा लावला, काच होती तशीच ठेवली. नवरा शीळ घालत होता.

"न भांडता अख्खा दिवस गेला आज," तो म्हणाला. "बाबा, मजा आली ना?"

"आली."

मी मागून त्यांच्या मानेकडे बघत होते. तीच सुरकुतलेली मान, मीच कापलेले केस, कानामागचा तोच तीळ. मला त्यांच्याशी भांडायचं होतं. काहीतरी खरमरीत बोलावं आणि त्यांनी उलटून दहा बोलावीत, एवढंच मला हवं होतं.

निम्मा रस्ता झाल्यावर चिऊ माझ्याकडे वळली. हळू बोलायचा प्रयत्न तिनं केला नाही.

"आई, आजोबा कधी येणार?"

नवऱ्याची शीळ थांबली. मी काही बोलणार त्याच्या आधी पुढचा माणूस मागं वळला. त्याच्या चेहऱ्यावर माया होती, खरीखुरी, त्यात काही वावगं नव्हतं.

"आता नाही यायचे ते, बाळा," तो म्हणाला.

नवरा खळखळून हसला. त्याला वाटलं, आजोबा-नातीची थट्टा चाललीय. आरशात बघून तो मीही हसायची वाट पाहत राहिला.

मी हसले.